टेबलाविना दिवा

खिडकीवरचा काळा कागद खाली ओढून टूसन अंधारात वळला आणि त्याचं कपाळ दिव्यावर आदळलं. पत्र्याची छत्री घणघणली.

"आधी बटण दाबा, रीसबाई," तो कपाळ चोळत म्हणाला. "टेबल कुठं पळालं तुमचं?"

वालबोर्ग रीसनं बटण दाबलं. दिवा झुलत होता आणि त्याचा उजेड रिकाम्या जमिनीवर डोलत होता. जमिनीवर टेबलाच्या पायांचे चार खळगे उघडे पडले होते.

कोपनहेगनमध्ये हा दिवा जेवणाच्या टेबलावर चांगला खाली टांगतात. एकीखाली एक तीन छत्र्या. बल्ब कुणाच्या डोळ्यांत येत नाही, उजेड ताटावर पडतो. ज्या वास्तुशिल्पकारानं त्याचा नमुना काढला, तो एकदा दिव्यांच्या कारखान्यात येऊन भाषण ठोकून गेला होता, की कामगाराच्या घरातही आता उजेडाचा न्याय होईल. न्याय झाला तो डॉक्टर-वकिलांच्या घरात. वालबोर्ग वर्षानुवर्षं त्या छत्र्यांना आतून पांढरा रंग मारत आली होती, आणि तिच्या घरी दिवा आला तो मधल्या छत्रीला पोचा पडला म्हणून. पण घरी आला तो टेबलावरच टांगला. टेबलाशिवाय असा दिवा कुणी लोंबकळत ठेवत नाही. तिनं ठेवला होता. रविवारी टेबल भिंतीकडे ओढलं, तेव्हापासून ती दिव्याला वळसा घालून चालत होती, आणि चुकलंय काय हे तिच्या टाळक्यात शिरलंच नव्हतं.

"शेगडीजवळ घेतलं," ती म्हणाली. "थंडी वाजते."

टूसननं शेगडीवर तळवा ठेवला. "गार आहे की."

"म्हणून तर थंडी वाजते."

तो हसला. टूसन या इमारतीचा रखवालदार. जर्मनांनी देश गिळला त्या दिवशीही यानं जिन्याचे कठडे पुसले होते, आणि आता उजेडाची एक रेघ बाहेर जाऊ नये म्हणून दारोदार फिरत होता. लोक त्याला भला माणूस म्हणत. अशा भल्या माणसांच्या जिवावरच तर चाललं होतं सगळं.

सगळी घरं एकाच साच्यातली. शेगडीशेजारच्या भिंतीत कोठीच्या खोलीचं दार असतं, हे त्याला तिच्याइतकंच ठाऊक होतं. तिथं आता एक विणलेली चादर टांगलेली होती आणि चादरीला चिकटून टेबल. टूसननं छत पाहिलं, खिडकी पाहिली, कुंड्या पाहिल्या. त्या भिंतीकडे मात्र त्यानं एकदाही पाहिलं नाही. त्याला कळलंय, हे वालबोर्गनं तेवढ्यावरूनच ओळखलं.

"कागदाला खाली फट आहे," तो म्हणाला. "अंधार पडला की येतो पट्टी घेऊन. दोघांना सोबत आणतो."

"पट्टीला तीन माणसं?"

"टेबल जड आहे ना, रीसबाई. जागच्या जागी लावून देऊ. विस्कटलेलं घर बरं नाही दिसत."

तो गेला. त्याचे बूट जिना उतरेपर्यंत ती हलली नाही. मग तिनं टेबल ओढलं, चादर उचलली आणि दार उघडलं.

मिर्याम आत पलंगावर बसून होती. कारखान्यात दोघी एका बाकावर काम करायच्या. मिर्याम छत्र्यांना पॉलिश करायची. यहुद्यांना घराघरातून उचलायला लागले त्या रात्री ती नेसत्या कपड्यांनिशी मागच्या जिन्यानं वालबोर्गकडे आली होती. आज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीची गाडी तिला समुद्राकाठी नेणार होती. पलीकडे स्वीडन, तिथं जर्मन नव्हते.

"कळलं का गं त्याला?"

"कपाळाला टेंगूळ घेऊन गेलाय. विसरेल होय?"

"पण बाई, टेबल हलवल्यावर दिवा वर नाही का बांधायचा?"

"तू तर मला सांगूच नकोस. तुझंही पोट त्याच दिव्यावर आहे. तुला सुचलं का?"

मिर्यामला हसू फुटलं, आणि लगेच तिनं तोंडावर हात दाबला.

"ऊठ. आत्ता निघायचं. गाडी येईपर्यंत बेकरीच्या पिठाच्या कोठारात बस."

"अजून उजेड आहे. कुणी पाहिलं तर?"

"इथं राहिलीस तर नक्की पाहतील."

वालबोर्गनं खुंटीवरचा आपला करडा कोट काढून तिच्या अंगात चढवला, डोक्याला रुमाल बांधला आणि हातात रिकामी बादली दिली.

"आणि तुला?"

"मला कुठं जायचंय?"

मागच्या जिन्यानं मिर्याम उतरली. खिडकीतून वालबोर्गला अंगणात आपलाच कोट चालताना दिसला. मध्येच तो थबकला. टूसनच्या खोलीचं दार उघडं होतं, पण आत कुणी नव्हतं. दोघांना आणायला गेला असणार. कोट पुन्हा चालू लागला आणि बेकरीत शिरला. अंधारून आलं तेव्हा पावाची गाडी निघाली, कोपऱ्यावर वळली, दिसेनाशी झाली.

मग तिनं पलंग आवरला, चादर घडी करून ठेवली आणि टेबल त्या चार खळग्यांवर आणून बसवलं. पाव कापला. खाववला नाही.

ते आले. एक जर्मन होता. दुसरा इथलाच, चांगल्या ओव्हरकोटातला. त्यानं कोठीची खोली पाहिली, पलंगाखाली पाहिलं. टूसन दाराशी उभा होता. पट्टी आणायला तो विसरला होता.

"टेबल तर जागेवर आहे," ओव्हरकोटवाला म्हणाला.

"दुपारी नव्हतं, साहेब. शपथ घेऊन सांगतो."

"जमीन पुसली," वालबोर्ग म्हणाली. "बायका पुसतात जमीन."

ओव्हरकोटवाल्याला कंटाळा आला होता. "ठीक आहे. दोन प्रश्न विचारायचेत, कचेरीत चला. सकाळी सोडू. कोट घाला, बाहेर गारठा आहे."

"अशीच येते."

"कोट नाही?"

"नाही."

"असं कसं, रीसबाई?" टूसन आपुलकीनं म्हणाला. "करडा आहे की तुमचा. आज सकाळीच तर अंगात..." त्याच्या लक्षात आलं, पण उशिरा.

ओव्हरकोटवाल्यानं रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. त्याचा कंटाळा कुठल्या कुठे गेला होता.

"आता कुणाच्या अंगात आहे तो?"

वालबोर्गनं कापलेला पाव झाकून ठेवला. सकाळी सोडण्याची गोष्ट मग कुणी काढली नाही.

जिन्यात दोन दारं बोटभर उघडली आणि बंद झाली. टूसन मागून धावत आला. त्यानं स्वतःचा कोट काढून तिच्या खांद्यांवर घातला. "मला असं नव्हतं करायचं, हो," तो पुटपुटत होता. "मी फक्त नियम..."

ती थांबली. तिनं तो कोट खांद्यावरून काढला, नीट घडी घातली आणि जिन्याच्या कठड्यावर ठेवला. खाली दार सताड उघडं होतं, वारा थेट वर येत होता. बाह्या मनगटापर्यंत ओढून घेत ती उतरू लागली.