अन्नुश्का छताला टांगली जाणार नाही

माझा नवरा जाऊन वर्ष झालं, त्या दिवशीच्या जेवणाला घोड्याचं मांस अजून कढईत शिजत होतं, तेवढ्यात मोठ्या भाऊजींनी त्याचं विमान देऊनसुद्धा टाकलं. मला विचारलं नाही, फक्त कळवलं. मी बोरसोकच्या छोट्या पुऱ्या तळत होते, तिथे दारात येऊन, पाहुण्यांच्या देखत.

"केलिन, ते लाकडी विमान लग्नाच्या नव्या हॉलवाल्यांना दिलं मी. छताला टांगणार आहेत, दिवे लावून. आपल्या सातिबाल्दीचं नाव राहील."

"आणि तुमच्या धाकटीच्या लग्नात हॉलचं भाडं कमी होईल, ते?" मी झारा न थांबवता विचारलं.

दोन-चार पाहुण्यांनी चहाच्या वाटीत तोंड लपवलं. भाऊजी लाल झाले.

छप्पन वर्षांची झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी त्यांच्यासाठी मी अजून केलिन, म्हणजे घरात आलेली सून. सुनेने चहा ओतावा आणि गप्प बसावं. चहा मी आयुष्यभर ओतला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते विमान म्हणजे काय चहादाणी नव्हती.

सातिबाल्दी तरुणपणी सामूहिक शेतावर अन्नुश्काचा मिस्त्री होता. अन्नुश्का म्हणजे दोन मजली पंखांचं, पिकांवर औषध मारणारं पिवळं विमान. शेत मोडलं, विमानं भंगारात गेली, तेव्हा हा माणूस आठवडाभर जेवला नव्हता. मग उतारवयात त्याने घरातच एक बांधायला घेतलं. आमच्या पलंगाएवढे पंख, आत मोटर, हातात धरायचा रिमोट. सहा हिवाळे माझ्या स्वयंपाकघरात सरसाचा वास होता. रंगाचा शेवटचा हात मारून झाला आणि तो अंथरुणाला खिळला. विमान एकदाही उडालं नाही.

"ते उडणार आहे," मी म्हणाले.

"कोण उडवणार? सातिबाल्दी वरून येणार आहे?"

"मी."

सगळे हसले. माझी सख्खी बहीणसुद्धा हसली, तिला मी अजून माफ केलेलं नाही.

"तू गाद्या शिव," भाऊजी म्हणाले. पण पाहुण्यांसमोर मोठेपणा दाखवायची संधी त्यांना सोडवेना. "बरं. वसंतातल्या नोरूझच्या सणापर्यंत उडवून दाखव, विमान तुझं. नाहीतर छताला."

आमच्या टोकमोक गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर मॉडेल उडवणाऱ्यांची टोळी जमते. तिचा म्होरक्या विक्तर पाक, कोरियन माणूस, बोलायला काटकसरी. त्याने विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या, टोपी काढली आणि थोरल्या बहिणीला म्हणतात तसं मला एजे म्हणाला.

"एजे, याच्यावर शिकायला जाल तर पहिल्याच दिवशी सरपण होईल. मी उडवून देऊ?"

"मग ते तुमचं उड्डाण होईल."

"तेही खरं. मग सिम्युलेटर घ्या. कॉम्प्युटरवर हवं तितकं पडा, काही मोडत नाही. फक्त विकणाऱ्यांच्या बोलण्यात येऊ नका."

माझ्याजवळ गाद्या शिवून साठवलेले पाच हजार सोम होते. त्यातले विमानाच्या बॅटरीसाठी बाजूला काढले की उरत होतं ते अर्ध्याहून कमी. एवढ्यावर शिकायचं होतं. शिवाय घरात पुतण्याने टाकून दिलेला एक म्हातारा कॉम्प्युटर, चालू केला की आधी खोकणारा.

बिश्केकच्या दुकानातल्या पोराने केसांना इतकं काही चोपडलं होतं की मला कढईच आठवली. आधी त्याला वाटलं मी नातवासाठी खेळणं घ्यायला आले. मलाच शिकायचंय म्हटल्यावर त्याने दात दाखवले आणि सगळ्यात मोठं खोकं पुढे केलं. त्यात रिमोट, शंभर विमानं, डोंगर, तळी, ढग. किंमत माझ्या पाच हजारांच्या दुप्पट.

"बघा तर खरं, एजे. बघायला पैसे नाहीत."

बघितलं. विमान वर गेलं, मी चुकीची दांडी ओढली, ते तिरकं झालं. घाबरून मी हात काढून घेतले, तर ते आपलं आपण सरळ होऊन शहाण्यासारखं उडत राहिलं.

"हे कोण उडवतंय?"

"मदतनीस आहे त्यात. नवशिक्यांना फार आवडतं."

"माझ्या विमानात मदतनीस नाही. वारा आहे का यात?"

"वाऱ्याचा भाग वेगळा विकत घ्यावा लागतो."

वारा विकत! बूमच्या घाटातून आमच्याकडे फुकट येतो, गवताच्या गंजी उडवून नेतो. मी खोकं परत सरकवलं.

मग त्याने स्वस्तातला एक खेळण्याचा रिमोट काढला. तो परवडत होता. हातात घेतला, मोटरचा जोर वाढवायची दांडी वर ढकलली, सोडली, तर ती स्प्रिंगने पुन्हा मधे. शिवाय ती दांडी डाव्या हाताला. सातिबाल्दीचा रिमोट मी पिशवीतून आणला होता. त्यावर जोर उजव्या हाताला, आणि दांडी जिथे ठेवाल तिथे थांबते.

"हल्ली सगळे डावीकडेच ठेवतात, एजे. तुमचा जुनाट आहे. सवय बदला."

"मी सवय इथे लावणार आणि विमान तिथे उडवणार. तिथे उजवीकडे आहे. गाडी शिकवताना तू मला उलट्या बाजूचा ब्रेक दाखवशील का?"

मी पिशवी उचलणार, तोच तो नाइलाजाने म्हणाला, "एक फुकटचा प्रोग्राम आहे. जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. तुमचाच रिमोट जोडायची केबल घ्यावी लागेल, नऊशे सोम. पण तो घेऊ नका. दिसायला भिकार आहे आणि विमान सारखं पडतं."

"दाखव."

चित्र खरंच भिकार होतं. हिरवा सपाट पट्टा, वर निळा. वारा मात्र हवा तितका वाढवता येत होता. मी विमान उचललं आणि ते तिसऱ्या श्वासाला नाकावर आपटलं. पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. माझी जी चूक होती ती होतीच, कोणी झाकत नव्हतं.

"हेच दे," मी म्हणाले.

"एजे, हे पडतं!"

"म्हणूनच."

तो हिवाळा मी पडण्यात घालवला. सकाळी गाद्या, दुपारी कॉम्प्युटर. शेजारणी चहाला येऊन उभ्या राहायच्या आणि मी विमान आपटलं की "गेलं गं!" म्हणून ओरडायच्या. दूर जाणारं विमान मला लवकर जमलं. माझ्याकडे येणारं जमेना. ते समोरून आलं की त्याचं डावं माझं उजवं होतं. हात वळवायला जातात एकीकडे, विमान वळतं दुसरीकडे. रडकुंडीला आले. सातिबाल्दीला शिव्या दिल्या, एवढं बांधलंस तर उडवून का नाही मेलास म्हणून. मग एक दिवस कळलं की डावं-उजवं म्हणायचंच नाही. जो पंख खाली गेला असेल त्याच्या बाजूला दांडी न्यायची, पडणाऱ्या माणसाच्या काखेत हात घालावा तसा आधार द्यायचा. त्यानंतर वारा पूर्ण वाढवला आणि तसाच ठेवला.

नोरूझच्या दिवशी धावपट्टीवर निम्मं टोकमोक लोटलं होतं. सणाची खीर, सुमल्याक, शिजत होती त्या कढईपेक्षा माझ्याभोवती गर्दी जास्त. भाऊजी डोक्यावर नवा कल्पाक, लोकरीची उंच टोपी, घालून, हॉलच्या मालकाला बरोबर घेऊन आले होते.

"अजून वेळ गेलेली नाही, केलिन," ते म्हणाले. "एवढी सुंदर वस्तू. मोडलीस तर लोक काय म्हणतील?"

"तुम्ही म्हणाल तेच म्हणतील. सरका."

पाकने बॅटरी जोडली. "बॅटरी संपत आल्याची शिट्टी वाजली की लगेच उतरवा," तो म्हणाला, "पुढे मोटरचा भरवसा नाही." आणि मागे जाऊन उभा राहिला. रिमोटला त्याने हातही लावला नाही, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

अन्नुश्का धावली. शेपूट उचललं, मग सगळीच उचलली गेली. बोटं आपलं काम करत होती. घाटातला वारा तिला बाजूला लोटत होता आणि मी तिला परत आणत होते. पिवळे पंख उन्हात आले तेव्हा मला रडू फुटलं. मी ते पुसलं नाही, हात मोकळे कुठे होते? एक फेरी झाली. दुसरी झाली. लोक ओरडत होते, टोप्या उडवत होते.

शिट्टी वाजली. मी तिला वळवून उतरणीला लावलं. ती सरळ आमच्या दिशेने येऊ लागली आणि तेवढ्यात मोठे भाऊजी दोन्ही हात पसरून धावपट्टीच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"हळू! मोडेल! मी धरतो! वरच्या वर धरतो!"

पलंगाएवढ्या पंखांचं, मोटर फिरत असलेलं विमान हा माणूस कोकरासारखं धरणार होता. पुन्हा वर न्यायला बॅटरीत जोर उरला नव्हता. एक पंख खाली गेला, मी आधार दिला, तो सावरला. मधे भाऊजी.

"भाऊजी, सरका!" ऐकेनात. "मोठे भाऊजी!" वाऱ्यात मी कोणाला हाक मारतेय तेच त्यांना कळेना.

बत्तीस वर्षं मी त्यांचं नाव उच्चारलं नव्हतं. आमच्यात सून नवऱ्याच्या थोरल्यांचं नाव घेत नाही, त्या नावाचा दुसरा कोणी असला तरी आडवळणाने बोलते. मी छाती भरून घेतली.

"जोल्दोश! हट तिथून!"

भाऊजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग विमानाकडे, आणि कल्पाक तिथेच टाकून गवतात उडी मारली. अन्नुश्का कल्पाकावरून गेली, टेकली, उसळली, पुन्हा टेकली. एक चाक मुडपलं, ती अर्धी वळली आणि नाक न टेकवता उभी राहिली.

हॉलचा मालक कधी निघून गेला कोणी पाहिलं नाही. पाक चाक तपासायला धावला. "मी करते," मी त्याला म्हणाले, "माझं विमान आहे."

भाऊजी गुडघ्यावरची माती झटकत आले.

"केलिन, तू माझं नाव घेतलंस. सगळ्यांसमोर."

"घेतलं," मी म्हणाले. "पुन्हा धावपट्टीवर आलात तर पुन्हा घेईन."