रिकाम्या रैनबसेऱ्याची तपासणी

आनंदरावांना माणसांचा जमाखर्च पक्का ठाऊक होता. संत्रा मार्केटच्या मागे बेघरांना रात्री निजायला कार्पोरेशनचा जो रैनबसेरा होता, त्याचे ते चौकीदार. तिथं निजायला येणाऱ्यांपैकी कोण दुसऱ्याचा साबण वापरतो, कोण एक बिडी पाजून चार दिवसांची मैत्री वसूल करतो आणि कोण झोपेत बायकोची माफी मागतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात टिपलेलं असे. फक्त साहेब लोकांचा हिशेब त्यांना कधी जमला नाही. तिथं ते नेहमी घाबरून चुकत.

डिसेंबर लागला होता. हिवाळी अधिवेशनासाठी मंत्री यायचे म्हणून शहरातले रस्ते झाडून काढणं चालू होतं, आणि त्या झाडूत फुटपाथवरची माणसंही येत होती. अशात झोन ऑफिसातले जुने कारकून भैय्याजी एका दुपारी रैनबसेऱ्यावर आले. खुर्ची ओढून बसले, आणि चहा येईपर्यंत तोंड उघडलं नाही. भैय्याजींची बातमी कधी उधार मिळत नसे.

चहा पोटात गेल्यावर म्हणाले, "तपासणी होऊन राहिली, आनंदराव. समाजकार्याच्या कॉलेजातली एक बाई येणार. रैनबसेरा लोकांच्या कामी येते का नाही, ते पाहून रिपोर्ट देणार. नसन येत, तं बंद. मंग इथं गोडाऊन."

"मंग मी काय करू जी?"

"साफ ठेव ना गा! एकदम चकाचक. अन् तुह्ये ते बिनकायद्याचे पाहुणे दिसले नाही पाहिजेत. नाही तं रैनबसेऱ्याआधी तूच बंद होशीन."

पाहुण्यांची भानगड अशी. रैनबसेरा फक्त पुरुषांसाठी, फक्त रात्रीपुरता, आणि आत चूल-स्टोव्ह बंद, असा नियम दारावरच रंगवलेला होता. आनंदरावांनी तो रोज वाचला आणि रोज मोडला. कळमेश्वर-काटोलकडचे संत्र्यांचे ट्रक रात्री येत, म्हणून मार्केटातले हमाल रात्री राबत आणि दिवसा निजत. रात्रीचे उठले की त्यांच्याच गरम गोधडीत दिवसाचे शिरत. शिवाय मागच्या झाडू ठेवायच्या खोलीत गोपिकाबाई राहत होती. नवरा मेल्यावर दिरांनी घराबाहेर काढलेली ही म्हातारी स्टोव्हवर सगळ्यांचा चहा करी आणि सगळ्यांना शिव्या देई. दोन्हीत साखर सारखीच.

तपासणीच्या सकाळी आनंदरावांनी सगळ्यांना गोधड्या, गाठोडी आणि स्टोव्हसकट गच्चीवर चढवलं.

"आवाज नाही पाहिजे. खोकला आला तं गिळून टाका," त्यांनी बजावलं. "अन् समजा कोणी विचारलंच, तं एकच बोलायचं. काही तरास नाही, सगळं मस्त."

"अन् तरास असला तं?" गोपिकाबाईनं विचारलं.

"तं तो बी गिळ ना वं बाई!"

कॉलेजातल्या चारुशीलाबाई आल्या त्या सायकलवर, सकाळी अकराला. रात्रीचा निवारा तपासायला सकाळी अकराची वेळ, कारण ऑफिस अकराला उघडतं. वय कोवळं, चष्मा जाड, आणि हसू अगदी बेतानं खर्च करायची सवय. त्यांनी हॉल पाहिला. सतरंज्या घड्या घालून रचलेल्या. भिंतींना ताजा चुना. फिनाईलचा वास असा, की डोळ्यांना पाणी यावं. माठ धुऊन पालथा घातलेला.

"इथं रोज कितीजण झोपतात?"

"फुल्ल असते, मॅडम. हे रजिस्टर पाहा."

"रजिस्टरं मी खूप पाहिली आहेत. सगळी भरलेलीच असतात." त्या भिंतीशी वाकल्या. "माणसं टेकून बसली की भिंतीला डोक्याच्या तेलाचे डाग पडतात. आमच्या घरी पडतात. इथं एकही नाही. माठात पाणी नाही. दोरीवर साधा टॉवेल नाही."

चार दिवस राबून आनंदरावांनी जे जे पुसलं होतं, ते ते आता पुरावा म्हणून लागत होतं.

"म्हणजे कसं आहे, मॅडम, तुम्ही येणार म्हणून जरा..."

"इमारत चांगली आहे," त्या पेनाचं टोपण काढत म्हणाल्या. आवाजात खोट नव्हती, उलट थोडं वाईट वाटल्यासारखंच होतं. "पण वापर नाही. मला दिसतं तेच मी लिहिणार."

आनंदरावांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. गप्प राहिलं तर नोकरी शाबूत, गोडाऊनलाही चौकीदार लागणारच, पण वरची सगळी माणसं थंडीत रस्त्यावर, आणि रस्त्यावर अधिवेशनाचा झाडू. बोललं तर ती कदाचित वाचतील, पण नियम मोडल्याबद्दल आपण रस्त्यावर. हिशेब कसाही मांडला तरी एका बाजूला ती सगळी आणि दुसऱ्या बाजूला आपण एकटेच उरत होतो. आणि गोपिकाबाई स्टेशनच्या भिंतीला पाठ लावून बसलेली काही केल्या नजरेपुढून हलेना.

ते जिन्याशी गेले आणि घसा फुटेस्तोवर ओरडले, "गोविंदा! उतर गा खाली! सगळ्यांना घेऊन ये!"

वरून गोविंदाचा कुजबुजल्यासारखा पण दणदणीत आवाज आला, "मॅडम गेली का?"

"नाही गेली! म्हणून तं उतर म्हणून राहिलो!"

चारुशीलाबाईंचं पेन तसंच हवेत राहिलं. जिन्यावरून माणसं उतरू लागली. डोक्यावर गोधड्या, काखेत गाठोडी, अर्धवट झोपेतले हमाल, आणि शेवटी स्टोव्ह पोटाशी धरलेली गोपिकाबाई.

"हे दिवसा निजतात," आनंदराव एका दमात बोलून मोकळे झाले. "हे कायद्यात नाही. बाई बी कायद्यात नाही, स्टोव्ह बी नाही. मीच ठेवलं, मीच वर लपवलं. आता विचारा त्यांना."

सगळ्यात पुढे हमाल गोविंदा होता. त्यानं शाळेत कविता म्हणावी तसं हात बांधून म्हटलं, "काही तरास नाही जी. सगळं मस्त."

पेन हललं नाही.

"काहून खोटं बोलतं गा?" गोपिकाबाई कडाडली. "ढेकणं काय मस्त हायेत? अन् नळाले पाणी किती येते, सांग ना! आंघोळीच्या खोलीले कडी नाही. मले गाणं म्हणत आंघोळ करा लागते, का कोणी आत येऊ नये!"

मग बांधच फुटला. गोविंदाला आपली कविता आठवेना. "मॅडम, माह्या गोधडीत रातच्याले जो निजते, त्यानं बिडीनं भोकं पाडली. थंडी नेमकी तिथूनच शिरते!" कोणी छपराचं सांगितलं, कोणी उंदरांचं. मागून एकजण म्हणाला, "अन् आनंदराव पहाटे भजन म्हणतात, त्याचं बी लिहा. आम्ही तेव्हाच निजायले येतो."

एकेका वाक्याला आनंदराव बोटभर खाली जात होते. एवढं करून यांनी आपल्यालाच विकलं! पण चारुशीलाबाई भराभर लिहीत होत्या आणि पहिल्यांदाच मनमोकळं हसत होत्या.

"थांबवू का यांना, मॅडम?"

"अजिबात नको. आनंदराव, जिथं कोणी राहतच नाही, त्या जागेच्या नळावरून कोणी एवढं भांडेल का?" त्यांनी पान उलटलं. "कडीचं पुन्हा सांगा, आजी."

निघताना त्या म्हणाल्या, "मी तपासायला रात्री यायला हवं होतं, हे माझं चुकलं. आणि तुम्ही चुना लावायला नको होता, हे तुमचं. नियम मोडल्याचं मी लपवणार नाही. पण ते मोडले म्हणूनच ही जागा दिवसरात्र भरलेली आहे, हेही लिहिणार."

त्यानंतरचे दिवस आनंदरावांनी कसे काढले, ते त्यांच्या भजनानंच सांगितलं. ते पार बंद पडलं होतं. संक्रांतीच्या सुमारास भैय्याजी आले. या वेळी त्यांनी चहाची वाट पाहिली नाही, यावरूनच आनंदरावांनी बातमी वाईट धरली.

"गोडाऊन दुसरीकडे गेलं," भैय्याजी म्हणाले. "रैनबसेरा चालू. दिवसाची पाळी मंजूर. बायकांसाठी वेगळी खोली अन् नवा नळ. अन् तुले नियम मोडल्याची लेखी ताकीद. नोकरी हाय."

"ताकीदच ना जी? फक्त ताकीद?"

"मंग काय हार पाहिजे होता?"

आनंदराव जिन्याच्या पायरीवर बसले. डोळे पुसावे की नाक, हे त्यांना कळेना.

"काय झालं? रडून राहिले का?" गोपिकाबाईनं आतून विचारलं.

"नाही वं. नुसता बसून राहिलो."

तिनं कपबशी आणून त्यांच्या हातात दिली. खोलीची बातमी तिनं दारामागून ऐकलीच होती.

"खोली देऊन राहिले, ते बरं झालं," शेजारच्या पायरीवर टेकत ती म्हणाली. "पण दार इकडून नाही पाहिजे. सारा वारा अंगावर येईन. त्या पोरीले बोलवा अजून एकडाव. मले तिच्याशी बोलाचं हाय."

आनंदरावांनी चहाचा मोठा घोट घेतला. "बोलावतो ना बाई," ते म्हणाले, "अन् चांगलं जोरात बोलजो."