कानबाईचा चौरंग

पुष्पाबाईच्या हाताला पहिली झिणझिणी आली तेव्हा ती चौरंगाच्या पितळी पत्र्याला हळदीकुंकू लावत होती. बोटं ओली होती. त्या ओल्या बोटांतून काहीतरी सरसरत कोपरापर्यंत गेलं आणि तिनं हात झटकन मागे घेतला. समोर नथ घातलेली, हिरवा खण नेसलेली नारळाची कानबाई बसलेली. श्रावणातला रविवार, दिवेलागणीची वेळ. पुष्पाबाईनं श्वास धरून पुन्हा हात लावला. पुन्हा तेच.

“उनी व माय, कानबाई उनी!” ती किंचाळलीच. “मना हातले झटका दिन्हा मायनी!”

दुसरी एखादी असती तर तिनं आधी इकडंतिकडं पाहिलं असतं. पण पुष्पाबाईचा जीव गेले सहा-सात महिने एकाच गोष्टीत अडकलेला होता. तिची एकुलती लेक केसर दोनदा पाचव्या महिन्यात रिकामी झाली होती. यंदा सातवा लागला, पोट टिकलं, आणि सासरच्यांनी तिला बाळंतपणासाठी माहेरी धाडलं. ‘हे एवढं मूल पदरात टाक, मग माझं काय करायचं ते कर,’ असं पुष्पाबाई कानबाईला रोज बजावत होती. हो, बजावतच होती. विनवण्या करून झाल्या होत्या. अशा बाईचा हात देवीनं धरला, तर तिनं दुसरा काय अर्थ काढायचा?

घटकाभरात गल्ली घरात लोटली. देवी आलेल्या घरात धुळीच्या पायांनी कोण शिरणार? म्हणून उंबऱ्याशी घागर ठेवली. बाया पायांवर तांब्याभर पाणी घेत, ओल्या पावलांनी सारवलेल्या जमिनीवरून आत येत, चौरंगाला बोट लावत, ‘अगं माय!’ म्हणत आणि हात जोडत. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी नवऱ्याची दारू सुटू दे म्हणून दोनदा हात लावून घेतला.

दारातल्या विजेच्या बटणापाशी पुष्पाबाईचे यजमान झुलालभाऊ असे उभे होते, जणू देवीला त्यांनीच गाडीभाडं देऊन आणवलं. कारण रोषणाई त्यांची होती. गावात वीज येऊन दुसरं वर्ष. कानबाईवर लाल-हिरव्या दिव्यांची माळ अख्ख्या गावात फक्त त्यांच्याकडे. लोहाराकडून लोखंडी कमान करून घेतली, ती चौरंगावर बसवली आणि तिच्यावर माळ गुंडाळली. झुलालभाऊंचं घर खाऊनपिऊन सुखी. बैल घेताना ते मागेपुढे पाहायचे नाहीत. पण न दिसणाऱ्या वस्तूवर पैसा घालायचा म्हटलं की त्यांच्या पोटात दुखायचं. भडगावच्या मोतीलाल शेठनं चांगला जाड प्लग दाखवला, तर म्हणे, “याले काय देवीसमोर ठेवानं शे? तो तं मांगे राहस.” आणि पाचोऱ्याला स्टेशनाबाहेरच्या हातगाडीवरून प्लगसकट माळ घेऊन आले. त्या प्लगवर ना कुणाचं नाव, ना खूण. काळं झाकण डबीच्या टोपणासारखं हलकं, त्याचे दोन अर्धे एकमेकांना धड मिळत नव्हते आणि पितळी काड्या वायरीच्या टोकाला लावलेल्या सॉकेटात खुळखुळत होत्या. सारखा निसटतो म्हणून झुलालभाऊंनी तो सुतळीनं कमानीच्या पायाला करकचून बांधून टाकला होता.

एवढ्यात लाइट गेली. ती काही नवलाची गोष्ट नव्हती, दिवसातून चारदा जायची. समईच्या उजेडात भजन चालू राहिलं. शेजारची गयाबाई नेमकी तेव्हाच चौरंगापाशी पोचली होती. तिनं बोट लावलं. मग अख्खा पंजा ठेवला. मग ओशाळून मागे पाहिलं.

“माले काहीच व्हयनं नही व,” ती पुटपुटली. “मनं काय चुकनं?”

बाया एकमेकींकडे पाहून गालात हसल्या. गयाबाईचं सुनेशी पटत नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती बिचारी खालमानेनं वळली, तोवर लाइट परत आली. मागच्या बाईनं बोट लावलं आणि ती कळवळून दोन पावलं मागे सरली.

पुष्पाबाई हे बघत होती.

लाइट होती तेव्हा देवी होती. लाइट गेली तेव्हा देवी नव्हती. तिनं हा विचार मनातून लोटून द्यायचा प्रयत्न केला, पण तो जाईना. ती कमानीजवळ सरकली. उदबत्तीच्या वासाखाली दुसराच एक वास होता, चपलेचं रबर चुलीत पडल्यावर येतो तसा. सुतळीखाली प्लगचं झाकण मऊ होऊन फाकलं होतं आणि आतल्या स्क्रूचं पितळी डोकं लोखंडाला टेकलेलं होतं. वीज जोडायला आलेला लाइनमन अभिमन गेल्या वर्षी सांगून गेला होता, “ओल्या हाते लाइटले शिवू नका, लोखंड तं बिलकूल नको. कामच पडनं तं लाकडे ढकला.” तेव्हा बायांनी त्याला हसून चहा पाजला होता.

ती गर्दीतून वाट काढत नवऱ्याकडे गेली. “आयका ना. ती माळ बंद करा. माले वाटस लाइट उतरी ऱ्हायनी चौरंगमा.”

झुलालभाऊंनी तिच्याकडे असं पाहिलं की बस. “तूच बोंबलनी ना, कानबाई उनी म्हनीसन? आते बठ्ठा गावसमोर लाइट म्हनशी? केसरनं पोट देख आनि मंग बोल.”

हे शेवटचं त्यांनी बोलायला नको होतं. पुष्पाबाईचा जीव दोन्हीकडून चिमटीत सापडला. देवी खरीच आली असेल आणि आपण तिला नाकारलं तर केसरचं पोट. आणि ही वीज असेल तर? केसर आत्ता स्वयंपाकघरात नैवेद्याच्या रोटांच्या पिठाला पाणी लावत होती. कुठल्याही क्षणी कुणीतरी तिला हाक मारणार होतं. पुष्पाबाई आत धावली.

“तू भाहेर येऊ नको,” तिनं लेकीला सांगितलं.

“काबरं व?”

“मी सांगस म्हनीसन.” याहून जास्त बोलायचं तिला धैर्य झालं नाही. त्या भित्रेपणाचा तिला पुढे फार राग आला.

बाहेर आली तर सासू कमानीपाशी जाऊन पोचलेली. भिकुबाई सत्तरी ओलांडलेली, तोंडानं फटकळ. अंगात येणाऱ्या बायांची तिनं जन्मभर टिंगल केली होती. ज्यांना काम नको असतं त्यांच्याच अंगात देवी कशी शिरते, असं ती तोंडावर विचारायची. आजही ती हसत हसतच आली होती.

“देखू दे मालेबी,” ती म्हणाली, ओल्या जमिनीवर फतकल मारून बसली आणि तिनं बोटबीट न लावता कमानीचा पाय सरळ मुठीत धरला.

तिचं हसू तिथंच थांबलं. मान ताठ झाली. मग हात, खांदे, सगळं अंग थरथरायला लागलं आणि घशातून जाड, लांबलचक हुंकार निघाला.

“उनी! म्हतारीना आंगमा उनी!” बायांत एकच गलका झाला. जिचा जन्मात विश्वास नव्हता तिच्यातच देवी आली, याहून मोठा पुरावा कुठला? सगळ्यांनी लोटांगणं घातली. झुलालभाऊ दारातून ओरडले, “पुष्पे, गानं धर!”

आणि पुष्पाबाईनं गाणं धरलं. घरची सून ती. गाणं तिनंच सुरू करायचं असतं. पंचवीस माणसं तिच्या तोंडाकडे पाहत होती, नवरा पाहत होता, आणि कानबाई नथ घालून पाहत होती. खरीच देवी असू दे, असू दे, असं मनात घोकत तिनं वरच्या पट्टीत पहिली ओळ म्हटली. बायांनी ती उचलली. टाळ्या सुरू झाल्या. हुंकार मोठा होत गेला तसं गाणंही मोठं होत गेलं.

दुसऱ्या ओळीला तिची नजर सासूच्या डोळ्यांवर गेली. अंगात आलेल्या बाईचे डोळे कुणाकडेच पाहत नाहीत. भिकुबाईचे डोळे पुष्पाबाईकडे पाहत होते. फक्त तिच्याकडे. पापण्या फाटल्यासारख्या उघड्या होत्या.

पुष्पाबाई गायची थांबली. बाकीच्यांचं चालूच राहिलं.

“केसरले आना व! म्हतारीना पाया पडू द्या तिले!” कुणीतरी ओरडलं. आणि त्या कुणाच्या तरी हाताला धरून केसर आलीही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच तिच्या पायांवर कुणी तांब्याभर पाणीही ओतलं. पोट सावरत, ओली पावलं टाकत ती आजीकडे निघाली. तिच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती की पुष्पाबाईला ती बघवेना.

“केसर, थांब!” ती ओरडली. टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. बटण दारापाशी, मध्ये सगळ्या बाया, त्यांच्यापुढे नवरा. केसर वाकत होती.

स्वयंपाकघराच्या दारामागं मुसळ उभं होतं. पुष्पाबाईनं ते ओढलं, लोखंडी कडं बसवलेलं वसूचं टोक मागे घेतलं, लाकडाचं पुढे केलं, दोन बायांच्या अंगावरून पाय टाकला आणि कमानीच्या पायाला बांधलेल्या त्या काळ्या प्लगवर सगळ्या ताकदीनं घाव घातला.

निळी ठिणगी उडाली. सुतळी तुटली. कमान कलंडली, चौरंग हलला, आणि घरातली सगळी लाइट गेली. अंधारात नारळ घरंगळत गेल्याचा आवाज आला.

गाणं थांबलं. मग रडारड सुरू झाली. कानबाई पडली! सून देवीवर मुसळ घेऊन धावली! कुणीतरी समई वर उचलली. त्या उजेडात केसर भिंतीला टेकून बसलेली दिसली, दोन्ही हात पोटावर, घाबरलेली पण धड. पुष्पाबाईनं तिच्या पोटावर हात ठेवला आणि आत हालचाल झाली तेव्हाच तिचा श्वास सुटला. झुलालभाऊ दारातून माणसं लोटत आले. त्यांचा हात उगारलेला होता.

“काय करं तू? मना घरनी देवी...”

“झुलाल.”

आवाज जमिनीवरून आला होता. भिकुबाई कुशीवर पडली होती. तिनं मूठ उघडायचा प्रयत्न केला. बोटं एकेक करून सोडवावी लागली. तळव्यावर आडवा काळा चट्टा उठला होता आणि जळल्या कातडीचा वास येत होता. झुलालभाऊंचा हात आपोआप खाली आला.

“कानबाई नव्हती रे ती,” म्हातारी म्हणाली. एकेका शब्दाला तिला दम घ्यावा लागत होता. “हात सुटे ना मना. मी आरडी राहिंतू... सोडा व माय, सोडा... आनि तुम्ही बठ्ठ्या गाना म्हनी राहिंतात.”

ज्या बायांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनी हात पदराखाली घेतले. गयाबाईनं कोपऱ्यात गेलेला नारळ उचलला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून तशीच उभी राहिली. पुष्पाबाई सासूचा भाजलेला हात मांडीवर घेऊन बसली. तिला म्हातारीच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. गाण्याची पहिली ओळ तिनंच म्हटली होती.