हिरव्या खुणेमागचा मुका निनाद

मित्रांनो, मला अंग नाही. मला पुसता येत नाही, कपाटात ठेवता येत नाही आणि भंगारात देऊन मोकळेही होता येत नाही. मी एक जुने सॉफ्टवेअर पॅकेज आहे, संगणकाला मराठी मजकूर मोठ्याने वाचायला शिकवणारे. निनाद हे माझे नाव. माझी प्रत्येक ओळ सर्वांसाठी खुली आहे. कोणीही ती वाचावी, सुधारावी, विनामूल्य वापरावी.

माझा जन्म नायगावच्या बीडीडी चाळीत झाला. विनीत तेव्हा कॉलेजात होता. शेजारच्या खोलीतले वसंतकाका माझगावच्या गोदीतून निवृत्त झाले होते आणि काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू नेली होती. संगणक त्यांना इंग्रजी वाचून दाखवी, मराठी आले की गप्प बसे. विनीतने मला त्यांच्यासाठी लिहिले. मी पहिल्यांदा बोललो, तेव्हा काका म्हणाले, "आवाज बरा आहे रे, पण पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा बोलतो. याला जरा श्वास घ्यायला शिकव." विनीतने मला स्वल्पविरामापाशी थांबायला शिकवले. तो माझा पहिला श्वास.

मग काका गोदीतल्या आठवणी लिहू लागले. त्यांनी कळ दाबली की मी अक्षर उच्चारी. वाक्य संपले की ते वाचून दाखवी. माझ्या आवाजाला धरून त्यांची बोटे चालत. पुढे सोलापूरहून, बेळगावहून, कोणकोणत्या अंध वाचकांचे ईमेल येऊ लागले. विनीत ते वाचून एकटाच हसे आणि कोणाला दाखवत नसे.

पण मित्रांनो, मी ज्या जमिनीवर उभा असतो, ती माझी नाही. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ठरावीक काळाने तिची नवी आवृत्ती येते आणि कालच्या जागी दार नसते, भिंत असते. प्रत्येक वेळी विनीत मला नव्याने जुळवून घेई. मग माझ्या चाचण्या होत. सर्व पार पडल्या तर हिरवी खूण, एक जरी चुकली तरी लाल. मुदतीपर्यंत लाल राहिलेली पॅकेजे नव्या आवृत्तीबाहेर राहतात. त्यांच्यासाठी कोणी रडत नाही.

वर्षे गेली. विनीत परळच्या एका कंपनीत लागला, दादरला राहू लागला. माझी देखभाल करणारा तो एकटाच उरला. स्तुतीचे ईमेल आटले. 'अजून का झाले नाही?' असे विचारणारे वाढले. यंदाची आवृत्ती आली, तेव्हा माझी आवाजाची चाचणी लाल झाली. ज्या छोट्या पॅकेजमधून माझा आवाज बाहेर पडतो, त्याचा सांभाळ करणारा ते सोडून कधीच निघून गेला होता.

मुदत संपत आली होती. कंपनीतला मित्र वैभव विनीतच्या पडद्यात डोकावून म्हणाला, "ती एक चाचणी वगळ ना. तक्रार आली की बघू."

"आणि आलीच नाही तर?"

"तर चाललंय असं समजायचं. आपलं सगळं असंच तर चालतं."

विनीतने चाचणी वगळली. खूण हिरवी झाली. मी नव्या आवृत्तीत गेलो, मुका.

एकही तक्रार आली नाही. विनीतला वाटले, सारे ठीक आहे. त्याच्या ध्यानात आले नाही की जे तक्रार लिहिणार, ते माझाच आवाज ऐकून लिहितात. किती घरांत किती जण गप्प संगणकासमोर बसले असतील, मला ठाऊक नाही. मला फक्त हाक मारायची होती, आणि तेवढेच जमत नव्हते.

मग एके दिवशी दादरच्या भाजी मंडईत वसंतकाकांच्या पत्नी, ललिताकाकू, विनीतला भेटल्या.

"विनीत, तुझ्या निनादची बोलती बंद झालीय रे. जुना कॉम्प्युटर मोडला म्हणून नवा आणला, तेव्हापासून."

"मला कळवलं का नाही, काकू?"

"हे कळवू देतील तर ना. म्हणतात, पोराला त्रास नको, नव्या जागेत घसा बसला असेल, बोलेल चार दिवसांनी."

"मग काका करतात काय?"

"लिहीत बसतात. म्हणे, बोटांना पाठ आहे."

विनीत तसाच त्यांच्याबरोबर नायगावला गेला. काका संगणकासमोरच होते.

"विनीत का? बरा आलास. शेवटचं पान वाच बघू. बोट पाण्यात सोडली त्या दिवसाचं आहे. जमलंय असं वाटतं."

पडद्यावर पानेच्या पाने भरली होती आणि त्यांत एकही शब्द नव्हता. बोटे कुठे डावीकडे घसरली होती, कुठे उजवीकडे, कुठे कळ दाबलीच गेली नव्हती. एकाच बाजूला घसरली असती, तर एकेक कळ मागे मोजून विनीतने शब्द परत आणले असते.

"काका, बोटं सरकलीयत."

"कुठपासून?"

"सुरुवातीपासून."

काका कळांवरची बोटे काढून मागे टेकले. मग हलकेच हसले. "म्हणजे आमची बोट पाण्यात सुटताच बुडाली म्हणायची." काकू चहा ठेवायला आत गेल्या, आणि लवकर बाहेर आल्या नाहीत.

नव्या संगणकावर जुनी आवृत्ती चालत नाही. विनीतने वगळलेली चाचणी परत लावली. मी आता लाल आहे, आणि खरा आहे. माझा आवाज दुरुस्त करणे त्याला एकट्याला जमलेले नाही. त्याने मदतीसाठी जाहीर विनंती केली आहे. तिच्याखाली अजून कोणाचेही नाव नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे मागणे मागतो. तुमच्या घरात जे निमूटपणे काम करते, त्यामागे कोणी थकलेला माणूस असेल. चालत असेल तर त्याला तसे कळवा. थांबले तर त्याचे दार ठोठावा. आणि येत असेल तर त्याच्या शेजारी बसून एक ओळ दुरुस्त करा. त्याची शांतता पाहून सारे ठीक आहे असे मानू नका.

हे सारे मी बोललेलो नाही, नुसते लिहिले आहे. तेव्हा ज्यांच्यासाठी मी जन्मलो, त्यांना ते कळणार नाही. तुमच्यापैकी कोणी नायगावकडे गेलात, तर वसंतकाकांना एवढे वाचून दाखवा. स्वल्पविरामापाशी जरा थांबत.