चौकोनांची झालर

डीएनएच्या घड्या घालणाऱ्या बाईंना वाया गेलेला धागा बघवत नसे. एक लांब धागा, त्याला जागोजागी टाके घालणारे आखूड तुकडे. मिश्रण तापवून सावकाश निववलं, की केसाच्या जाडीत शेकडो मावतील असे चौकोन आपसूक घडत. इतक्या चिमुकल्या संसारातही बाईंची काटकसर शिरली होती.

त्या दिवशी सर यायचे होते. लेकीकडे कायमचे निघालेले. जाण्याआधी आपला पहिलावहिला चौकोन एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढीच त्यांची इच्छा. तो आराखडा सरांनी आणि त्यांच्या बायकोनं, काकूंनी, जेवणाच्या टेबलावर लोकरीनं मांडला होता. बाई तेव्हा विद्यार्थिनी. लोकर गुंडाळायच्या आणि काकूंच्या चहावर हक्क सांगायच्या. काकूंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

बाईंनी जुना आराखडा उघडला, तर चौकोनाच्या दोन कडांना मोकळ्या शेपट्या लोंबत होत्या, कशालाच न जोडलेल्या. सरांचा गबाळेपणा, दुसरं काय, म्हणत बाईंनी त्या छाटून टाकल्या आणि तसाच घाणा लावला.

सर येऊन खुर्चीत बसले. मायक्रोस्कोपची चाचपून चित्र काढणारी सुई चौकोन पसरलेल्या अभ्रकाच्या तुकड्यावरून फिरू लागली, पडद्यावर चित्र ओळीओळीनं उतरू लागलं. एक चौकोन दिसला. त्याच्या कडेला कड चिकटवून दुसरा. मग तिसरा. सुटा म्हणून एक नव्हता, नुसती माळच माळ. नवा घाणा उद्या दुपारशिवाय निघणार नव्हता, आणि सर सकाळीच निघणार होते.

"शेपट्या कापल्यास?"

बाई खाली मान घालून हो म्हणाल्या. शहाणपण नडलं, हेही म्हणाल्या.

सर मात्र हसत होते. पहिल्या खेपेला असंच झालं होतं म्हणे. शेपट्या तेव्हा नव्हत्याच. ही माळ बघून काकू म्हणाल्या होत्या, तिकिटाच्या रांगेत घुसल्यासारखे काय चिकटलेत मेले. मफलरला असते तशी झालर लावा, म्हणजे जरा अंतर ठेवतील. लावली, आणि चौकोन सुटे झाले.

"चौकोन काय, पुस्तकातही छापलाय," सर म्हणाले. "हे चित्र मात्र आम्ही दोघांनीच पाहिलं होतं."

बाईंनी सुई थांबवायला हात पुढे केला होता.

"राहू दे गं," सर खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "रांग कुठवर गेलीय, बघू दे."