स्पर्शवीर ग्वाल्हेरला जातो

स्पर्शवीर जन्मला तो इंदूरजवळच्या महू छावणीच्या रद्दीबाजारात. श्रीपाद तिथे स्वस्तातला ड्रॉइंगचा कागद शोधायला गेला होता, आणि ढिगात त्याला गोऱ्या शिपायांनी मागे सोडलेलं एक रंगीत चित्रांचं पुस्तक सापडलं. पानोपानी एक दांडगा गडी उडत होता आणि दिसेल त्याला ठोसे मारत होता. श्रीपादला वाटलं, मारणारे आपल्या इंदुरात पुष्कळ आहेत. बरं करणारा तेवढा कुणी नाही.

शाळेत चित्रकला शिकवून उरलेल्या वेळात त्याने आपला गडी काढला. डोईवर होळकरी पगडी, वाऱ्यावर उडणारं उपरणं, छातीवर तुळशीचं पान, आणि पुस्तकातल्या गड्यासारखी विजारीवरून चड्डी. त्याने हात लावला की दुखणं पळालं. 'सांजदिवा' साप्ताहिकाचे संपादक दत्तोपंत चित्र बघून म्हणाले, "भिया, बाकी सब ठीक, पण ही चड्डी बाहेरून का? आपले वर्गणीदार सगळे पेन्शनर. धोतर नेसव त्याला."

"धोतरात उडेल कसा?"

"मग पायी चालू दे. इंदूर काय एवढं मोठं आहे!"

तेव्हापासून स्पर्शवीर राजवाड्याच्या अवतीभवती पायीच हिंडू लागला.

चित्राखालचे बोल श्रीपादच्या गंगूआत्याचे. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. दळता दळता तिच्या ओठी आलेल्या ओव्यांवरच तो मोठा झाला होता. आत्याचा उजवा डोळा मोतीबिंदूने केव्हाच गेला होता आणि डाव्यात धुकं उतरलं होतं. म्हणून श्रीपाद चित्र वाचून दाखवी, कोण कुठे उभा, कुणाचा पाय सुजलेला. आणि आत्या भिंतीला डोकं टेकून ओवी सोडून देई:

दुखण्यानं बाई माझ्या घातला गं पाट दारात
स्पर्शवीर आला बाई, चांदणं त्याच्या हातात

गावाला स्पर्शवीर आवडला. गावाला जे आवडतं ते गाव दुरुस्त करायला घेतं. होळकरांच्या फौजेतली घराणी म्हणाली, त्याच्या कमरेला तलवार हवी. वैद्य म्हणाले, हात लावण्याआधी त्याने काढा द्यावा. आणि होळकर दरबारातले एक निवृत्त अंमलदार, नायब सुभा, काठी आपटत कचेरीत आले.

"गेल्या अंकात त्यानं हरिजन वस्तीतल्या बाईचा ताप उतरवला. ठीक आहे, स्वराज्य आहे. पण या अंकात तोच हात आमच्या आळीतल्या माणसाच्या कपाळावर? मधे आंघोळीचं एक चित्र टाकायला काय झालं होतं?"

ते गेल्यावर दत्तोपंत हळूच म्हणाले, "हातमोजे घालू का रे त्याला?"

"मग स्पर्श कसला राहिला?" श्रीपाद म्हणाला. हातमोजे टळले.

पण खरा घोटाळा केला तो भाजीवाल्या बेबीने. एका चित्रात स्पर्शवीराने हात लावलेली टोपलीवाली तिला आपल्यासारखी वाटली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मानेवरचं गळू फुटून बसलं. त्यावर आठवडाभर जवसाचं पोटीस बांधलेलं होतं, हे ती विसरली. "आत्याबाई, हात लगाया और गया!" असं तिने दारात उभं राहून सांगितलं. आत्याने ऐकलं आणि ते तिच्या मनात रुजलं.

थंडी लागता लागता डॉक्टरांनी आत्याचा डावा डोळा तपासला. "मोती पिकलाय," ते श्रीपादला म्हणाले. "बेटम्याच्या धर्मशाळेत डोळ्यांचा कॅम्प लागतोय, तिथे काढून घ्या. पुढच्या थंडीची वाट बघाल तर हाही डोळा पहिल्याच्या वाटेनं जाईल. मग हातात काही नाही."

आत्या म्हणाली, "मी नाही जायची."

"का गं?"

"तो येईल ना आपल्या गल्लीत. पोस्टापर्यंत तर आलाय."

"आत्या, त्याला मीच आणलाय पोस्टापर्यंत! माझा टाक, माझी शाई!"

"चित्र तुझं. बोल कुणाचे?"

"तुझे."

"माझे कसले? मी कधी जुळवलेत का? वरून येतात, मी वाट देते. खोटं असतं तर आलं असतं का माझ्या तोंडी?" आणि तिने पदर सारखा केला. आत्याने पदर सारखा केला की बोलणं संपलं असं समजायचं, हे श्रीपाद लहानपणापासून शिकला होता.

त्याने दत्तोपंतांना विनवलं, "स्पर्शवीर मारू या."

"पागल हो गया क्या? मरणारा तो. लोक मला मारतील."

कॅम्प सुरू झाला. बेटम्याहून डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली माणसं बसमधून परत येऊ लागली. आत्या मात्र ओसरीत बसून गल्लीच्या तोंडाकडे कान लावी.

अशात एके दिवशी कचेरीत जयसिंगराव उगवले. वडील दरबारात मानकरी होते. हे मध्यभारत सरकारच्या प्रसिद्धी खात्यात. वडिलांचा मुजरा आणि मुलाचं 'येस सर' यांत कमरेचा वाक तोच राहिला होता.

"दत्तोपंतजी, शासनाला स्पर्शवीर फार पसंत आहे," ते म्हणाले. "मगर एक अडचण आहे. उन्हाळ्यात राजधानी इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. मंत्री गेले, सचिव गेले, फायली गेल्या, चपराशीसुद्धा गेले. आणि हा एकटाच बारा महिने इंदुरात बसून लोकांना बरं करतोय! ग्वाल्हेरवाले विचारतात, आम्ही काय सावत्र?"

"साहेब, तो चित्रातला आहे," श्रीपाद म्हणाला.

"चित्रातला असला म्हणून काय झालं? आहे तर मध्यभारतातच ना! हिवाळ्यात त्यानं ग्वाल्हेरला गेलं पाहिजे. एवढंच."

"आणि इथले आजारी?"

"उन्हाळ्यापर्यंत धीर धरतील. धरतातच."

सरकारी जाहिरातींवर 'सांजदिवा' तेवत होता. दत्तोपंतांनी जयसिंगरावांना फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येऊन म्हणाले, "स्टेशनवर हारतुऱ्यांचा निरोप दाखव. बँड वगैरे. छान भरगच्च काढ."

श्रीपादने हार काढले नाहीत, बँडही काढला नाही. तो चिडला होता: सरकारवर, पंतांवर, आपल्याच हातावर. त्याने स्टेशन काढलं. गाडीच्या दारात स्पर्शवीर, काखेत वळकटी, डोक्यावर फायलींचा गठ्ठा. फलाटावर एक म्हातारा आपला थरथरता हात पुढे करून उभा. त्या हाताच्या आणि स्पर्शवीराच्या बोटांच्या मधे वीतभर मोकळा कागद. स्पर्शवीर म्हणतोय, 'आजोबा, उन्हाळ्यात या.'

संध्याकाळी त्याने ते आत्याला वाचून दाखवलं. ओवी आली नाही.

"कुणाच्या हुकमानं चाललाय?" तिने विचारलं.

"सरकारच्या."

"म्हाताऱ्याचा हात पुढे आहे?"

"आहे."

"आणि हा लावत नाही? लावता येत असून?"

"नाही."

दिवेलागणीचा धूर घराघरांतून निघून गल्लीत मिसळत होता. आत्या एकदम हसली, जुनं भांडं खळखळावं तशी.

"आमचे हे हुजूर कचेरीत होते. दारात माणूस रडत उभा असला तरी म्हणायचे, साहेब दौऱ्यावरून आले की बघू. माणूस वाईट नव्हता रे. नोकरी होती." तिने पदर खाली सोडला. "देव असता तर मी थांबले असते, श्री. पण हा तर नोकरीला लागला. याच्या भरवशावर डोळा ठेवायचा? बेटम्याची बस कधी सुटते ते बघ."

आणि अंधारात चुलीकडे जाता जाता तिने ओवी सोडली. ती पंतांनी छापली. जयसिंगरावांना ती स्तुतीच वाटली.

स्पर्शवीर निघाला गं, फायली घेऊन डोईवरी
दुखणं म्हणे, थांब बाबा, मीबी येतो बरोबरी

बेटम्याच्या धर्मशाळेत कॅम्प उठायच्या आदल्या दिवशी आत्याचा मोती निघाला. तिला उताणी निजवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या आणि बजावलं, हलायचं नाही, खोकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. शेजारी सांवेरची एक शेतकरीण तशीच पडलेली. दोघी छताकडे तोंड करून स्पर्शवीराच्या गोष्टी बोलत. श्रीपाद चमच्याने पेज भरवी आणि बाहेर बाकावर जाऊन निजे.

पट्टी सुटली त्या सकाळी डॉक्टरांनी तिच्या नाकावर जाड भिंगाचा तात्पुरता चष्मा बसवला. आत्याने आधी डॉक्टरांना पाहिलं, मग श्रीपादला. "अरे, केस कुठे गेले तुझे?" ती घाबरून म्हणाली. श्रीपादला हसू आलं, आणि ते लपवायला त्याने उगाच स्टेशनच्या चित्राचा अंक तिच्या हातात दिला.

शेजारणीची पट्टी अजून सुटायची होती. तिने आवाजाच्या दिशेने विचारलं, "बाई, वो स्पर्शवीर दिखता कैसा है?"

आत्याने अंक डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. पगडी, उपरणं, तुळशीचं पान, फायली.

"अच्छा दिखता है बिचारा," ती म्हणाली. "थक गया है."

मग तिने अंक उशाशी ठेवला आणि खिडकीकडे मान वळवली. बाहेर हरभरा उभा होता. तो इतका हिरवा असतो हे तिला आठवतच नव्हतं. डॉक्टर ओरडेपर्यंत ती रडत होती.