बाबांचा श्वास आणि व्हॅनचं इंजिन

गॅरेजपुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. गावात आलेल्या एका महाराजांनी बाबांच्या जुन्या मोटारीची किल्ली काढून सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली, तरी इंजिन धापा टाकत सुरूच राहिलं. आठ-दहा आचके देऊन मगच थांबलं.

"किल्ली माझ्या हातात, मग मोटार चालवतं कोण? हा यजमानांचा श्वास! पिस्टनमध्ये प्राण, कार्बोरेटरमध्ये करुणा!"

लोकांनी हात जोडले. आई बॉनेटला बिलगून रडू लागली.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. 'या श्वासानेच साखर उतरेल' असं महाराज म्हणाले, तेव्हापासून तीन दिवस आईने इन्सुलिन घेतलं नव्हतं. तिचे ओठ सुकले होते, तोल जात होता.

"दादा, समजाव ना तिला!"

"अगं, किती वर्षांनी खूश आहे ती," दादा नजर चुकवत म्हणाला.

इंजिनं दुरुस्त करणं हा माझा धंदा. मी बॉनेट उघडलं आणि रॉकेलचा बोळा नि तारेचा ब्रश घेऊन ब्लॉक, म्हणजे इंजिनचा ओतीव सांगाडा, घासायला लागले.

"यंत्राला छेडू नकोस, मुली. कोप होईल!"

"होऊ द्या. त्याचेही पार्ट मिळतात माझ्याकडे."

काजळीखालून आकडे वर आले. ब्लॉक ओततानाच ते साच्यातून उमटतात. कंपनीच्या जुन्या पुस्तकात मी तो नंबर शोधला. ब्लॉक माल वाहणाऱ्या व्हॅनचा होता, आणि त्यावर नंबराशेजारी उमटलेल्या तारखेप्रमाणे आमच्या मोटारीपेक्षा सहा वर्षांनी नवा.

"आई, हे इंजिन आपल्या मोटारीचं नाहीच."

आईने दादाकडे पाहिलं. तो तिच्याजवळ येऊन म्हणाला, "मूळचा ब्लॉक तडकला होता. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे गुपचूप बदलून घेतला. आई, तुला सांगायची हिंमत झाली नाही गं."

"म्हणजे मी कुणाच्या व्हॅनला मिठी मारत होते?"

कुणीतरी फिसकन हसलं. महाराज गरजले, "आत्म्याला ब्लॉकचं बंधन नसतं!"

"मग उष्णतेचं का असतं? आधी अर्धा तास इंजिन तापवता, त्याला जागृती म्हणता. आत साचलेली काजळी निखाऱ्यासारखी लाल होते, ठिणगीशिवाय पेट्रोल पेटवते. आज सकाळी थंड इंजिन सुरू करून मी लगेच किल्ली काढली, तर ते तत्क्षणी गप्प झालं!"

एवढ्यात आई भोवळ येऊन कोसळली. दादाने तिला उचललं आणि आम्ही थेट दवाखाना गाठला. मागे शेजारच्या शिंपीकाकांनी इंजिन निवू दिलं आणि ते गार असताना नि तापवल्यावर अशी दोन्ही वेळा किल्ली काढून पाहिली. मी सांगितलं तसंच झालं. तोवर महाराज पसार झाले होते.

चार दिवसांनी आई घरी आली. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

बाबांची आठवण तिला येते, यावीच. पण आठवणीने साखर उतरत नाही. चमत्कार दिसला की हात जोडायची घाई करू नका. झाकण उघडा, प्रश्न विचारा, स्वतः करून पाहा. आणि कुणीही, कितीही गोड बोलून सांगितलं, तरी आपल्या माणसाचं औषध बंद करू नका.